शब्दांचं कूळ शोधायचंय? सून, दीर आणि जाऊ यांच्यापासून सुरुवात करा

प्राचीन संस्कृती, त्यांचे देव, त्यांच्या भाषा आणि या सगळ्यांची एकमेकांत गुंतलेली मुळं यांची ओढ अनेकांना असते. अडतं ते सुरुवातीपाशी. कोणी थेट ग्रीक शिकायला घेतं आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देतं. कोणी व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'हा इंग्रजी शब्द मुळात संस्कृत' अशा याद्या साठवत बसतं. मी या दुसऱ्या वाटेनं गेले. नोकरी सांभाळून दोन वर्षं मी एका वहीत शब्दांच्या जोड्या उतरवत होते, चारशेच्या आसपास झाल्या होत्या. मग ओळखीच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेनं एका रविवारी ती वही समोर घेतली आणि पेन्सिल हातात धरली. पहिल्या पानावरच्या सव्वीस जोड्यांपैकी पाच उरल्या.

खोडताना त्या दर वेळी एकच विचारत होत्या. "दोन शब्द सारखे दिसतात हे मान्य. पण इथे 'द'च्या जागी जो ध्वनी आलाय, तोच आणखी कुठल्या शब्दांत 'द'च्या जागी येतो का?"

हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी कळला असता तर ती दोन वर्षं वाचली असती. तुमची वाचावीत म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही, संस्कृत अस्खलित यावं लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

आधी जवळ काय काय हवं

- दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर चार उभे रकाने आखलेली. पहिला मराठीचा, दुसरा प्राकृताचा, तिसरा संस्कृतचा, चौथा इतर भाषांचा. संगणकावरचा तक्ताही चालेल, पण सुरुवातीला हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. दुसरीच वापरा.
- कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६). जुन्या ग्रंथालयांत मिळतो.
- राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६२-६६). सगळ्या कामाचा कणा हाच.
- मोनियर-विल्यम्स यांचा संस्कृत कोश, १८९९चा.
- बरो आणि एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश, दुसरी आवृत्ती, १९८४.

मोल्सवर्थ, टर्नर आणि द्राविड कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोनियर-विल्यम्सही जालावर सहज मिळतो. पैसे खर्च करायची घाई करू नका. मी पहिल्या वर्षी जी पुस्तकं विकत घेतली, त्यातली निम्मी आज उघडतही नाही.

१. घरातली नाती लिहून काढा

देवांची नावं, वेद, पिरॅमिड हे सगळं थोडं बाजूला ठेवा. पहिल्या पानावर घरातली नाती लिहा. आई, भाऊ, बहीण, मावशी, आत्या, सासू, सासरा, सून, दीर, जाऊ, नणंद, जावई.

नात्यांनीच का? बाजारातले, कपड्यांचे, राज्यकारभाराचे शब्द भाषा एकमेकींकडून सहज उचलतात. 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, 'दस्तऐवज' फारसीतून. सुनेला काय म्हणायचं हे मात्र कोणी परक्याला विचारायला जात नाही. नात्यांचे शब्द, एक ते दहा आकडे, शरीराचे अवयव आणि खाणं, देणं, मरणं अशी रोजची क्रियापदं हा भाषेचा सगळ्यात चिवट भाग असतो.

एक सावधगिरी इथेच सांगते. आई, बाबा, मामा, पापा असे बाळाच्या तोंडचे शब्द यादीत ठेवा, पण त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. ओठ मिटून-उघडून निघणारे हे आवाज जगात सगळीकडे आहेत आणि त्यांचा अर्थ कुठेही वळतो. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई.

२. संस्कृतकडे उडी नको, वाटेत प्राकृत आहे

मराठी थेट संस्कृतातून उतरलेली नाही. मधे प्राकृताचा, आपल्याकडे मुख्यतः महाराष्ट्री प्राकृताचा, मोठा टप्पा आहे. तो वगळला तर दोन टोकं जुळतच नाहीत. 'हस्त' आणि 'हात' यांच्यामधे 'हत्थ' आहे. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. कर्ण, कण्ण, कान. दुग्ध, दुद्ध, दूध. या पाच ओळी मोठ्यानं वाचा, नियम आपोआप कानावर येईल. जोडाक्षर आधी द्वित्त होतं, मग द्वित्ताचं एकच व्यंजन उरतं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो.

दुसरा नियम महाराष्ट्रीची खास खूण आहे. दोन स्वरांच्या मधलं व्यंजन गळून जातं. भ्रातृचा 'भाऊ' होताना 'त' असाच गेला. 'गत'चं 'गअ' झालं, त्यातून आपलं 'गेला' आलं. 'कृत'पासून तसंच 'केला'. 'नगर'मधला 'ग' गेला आणि 'नेर' उरलं. संगमनेर, पारनेर, अंमळनेर या गावांच्या एसटीच्या पाट्या तुम्ही शेकडो वेळा वाचल्या असतील, त्यांत हा नियम लिहिलेला आहे.

हे दोन नियम वापरून यादीतले शब्द मागे न्यायचा प्रयत्न स्वतः करा आणि मगच कोश उघडा. आधी उत्तर पाहिलं की डोळा तयार होत नाही.

३. टर्नरचा कोश वापरायला शिका

नवखा माणूस इथे हमखास अडखळतो, म्हणून सावकाश सांगते. टर्नरमध्ये १४ हजारांहून जास्त नोंदी आहेत आणि त्या मराठी शब्दाखाली नाहीत, जुन्या भारतीय आर्य रूपाखाली आहेत, संस्कृत वर्णक्रमानं. 'सून' थेट शोधलात तर भलत्याच ठिकाणी पोहोचाल. कोशाला जोडून भाषावार सूचीचा स्वतंत्र खंड आहे. त्यात मराठीच्या यादीत 'सून' पाहायचा, त्यापुढचा नोंद क्रमांक घ्यायचा आणि त्या क्रमांकानं मुख्य कोशात जायचं. लेखन रोमन लिपीत, अक्षरांखाली टिंब आणि वर रेघा देऊन केलेलं आहे. त्याची सवय व्हायला आठवडा लागतो.

'स्नुषा' ही नोंद उघडली की आधी संस्कृत रूप आणि अर्थ दिसेल, मग पालीतलं 'सुणिसा', मग प्राकृतातली 'सुण्हा' आणि 'ण्हुसा', आणि नंतर आजच्या भाषांची रांग. पंजाबीत तिचं 'नूँह' झालं, कोकणीत 'सून', मराठीत 'सून'. हिंदीत हा शब्द मागे पडला आणि 'वधू'पासून आलेल्या 'बहू'नं त्याची जागा घेतली. भाषांची नावं एकदोन अक्षरांत दिलेली असतात, त्यांचा खुलासा सुरुवातीच्या पानांवर आहे. ती पानं छापून वहीत चिकटवा.

शब्दाआधी तारा (*) दिसला की थांबा. तारा असलेलं रूप कुठल्याही शिलालेखात वा ग्रंथात सापडलेलं नसतं, अभ्यासकांनी नियमांवरून मागे जाऊन बांधलेलं असतं. ते खोटं नसतं, पण ते पुराव्यासारखं वापरायचंही नसतं. वहीत उतरवताना तारा विसरू नका. मी विसरायचे, आणि सहा महिन्यांनी तेच रूप कुणाला तरी 'प्राचीन शब्द' म्हणून सांगायचे.

मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे एक रोमन अक्षर असतं. संस्कृतसाठी एस, फारसीसाठी पी, अरबीसाठी ए, हिंदुस्तानीसाठी एच. शब्द घरचा की उसना याचा पहिला अंदाज त्यावरून येतो. अंदाजच, कारण पुढच्या शंभर वर्षांत बरंच संशोधन झालं.

४. दिसण्यावर जाऊ नका, ध्वनींच्या जोड्या मांडा

आता चौथा रकाना भरायचा. सुनेला लॅटिनमध्ये 'नुरुस' म्हणतात, ग्रीकमध्ये 'नुओस', जुन्या इंग्रजीत 'स्नोरु', रशियनमध्ये आजही 'स्नोखा'. स्नुषा आणि नुरुस शेजारी ठेवले तर कोणी म्हणणार नाही की या बहिणी आहेत. तरी आहेत. लॅटिननं 'न'च्या आधीचा 'स' टाकला आणि दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' केला. हा 'र' लॅटिनमध्ये इतरत्रही दिसतो, संस्कृत 'स्वसृ' म्हणजे बहीण, लॅटिनमध्ये 'सोरोर'. ग्रीकनं तो मधला 'स' गाळलाच. म्हणजे फरक आहे, पण तो फरक नियमानं आलेला आहे. सुरुवातीला सांगितलेल्या प्रश्नाचा अर्थ हाच.

वहीत एक पान फक्त अशा जोड्यांना द्या. संस्कृत 'श' जिथे, तिथे लॅटिनमध्ये 'क': दश आणि देकेम, शत आणि केंटुम, श्वन् म्हणजे कुत्रा आणि कानिस, श्वशुर आणि सोकेर. तोच ध्वनी इंग्रजीत 'ह' झाला, म्हणून हंड्रेड आणि हाउंड. संस्कृत 'प' इंग्रजीत 'फ', जसं पाद आणि फूट, पितृ आणि फादर. संस्कृत 'द' इंग्रजीत 'ट', जसं दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, त्या शाखेतले हे बदल जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ साली पद्धतशीर मांडले.

माझा नियम असा: एका जोडीला निदान तीन उदाहरणं मिळाल्याशिवाय ती पक्की धरायची नाही. तोवर शब्दापुढे प्रश्नचिन्ह.

यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण मला लिथुएनियन म्हणीत मिळालं. 'दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवानं दात दिले, भाकरीही देईल. देव, दात, देणं हे तिन्ही शब्द आपलेच, आणि भाकरीसाठीचा शब्द संस्कृत 'धाना' म्हणजे भाजलेलं धान्य याच्या नात्यातला. ज्यानं चोच दिली तो चाराही देईल असं आपण म्हणतो तेच त्यांनी दातांवरून म्हटलंय. ही म्हण पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. मराठी घरातल्या बाईला बाल्टिक समुद्राकाठचं वाक्य भाषांतराशिवाय अर्धंअधिक कळतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

५. संस्कृत आई नाही, थोरली बहीण आहे

हे वाक्य अनेकांना रुचत नाही. मलाही रुचलं नव्हतं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात तिथले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल, असं मांडलं. पण ते म्हणतात म्हणून मानू नका, पुरावा आपल्या जिभेवर आहे.

'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. 'झ' बदलला ना? 'चाक' आणि 'चिकट' यांतला 'च'ही तसाच. पुढे इ किंवा ए आला की जीभ पुढे सरकते आणि व्यंजनाला सोबत ओढते. आता संस्कृत 'च', म्हणजे 'आणि', घ्या. लॅटिनमध्ये तो 'क्वे' आहे, ग्रीकमध्ये 'ते'. संस्कृत पंच, लॅटिन क्विंक्वे, ग्रीक पेंते. संस्कृतात 'क'चा 'च' झाला तो पुढे 'ए'सारखा स्वर होता म्हणून. पण संस्कृतातल्या 'च'पुढे आज 'अ' आहे! म्हणजे आधी तिथे ए होता, त्यानं व्यंजन बदललं आणि मग तो स्वतः 'अ' झाला. लॅटिन आणि ग्रीकनं तो जुना ए जपला, संस्कृतनं हरवला. व्यंजनांच्या बाबतीत संस्कृतनं जे जपलं ते अनेकदा इतर बहिणींना जमलं नाही. म्हणून थोरली म्हणायचं, पण आई वेगळी होती. तिचा एकही लेख उरलेला नाही, म्हणून तिच्या प्रत्येक शब्दाआधी तारा असतो.

१८७०च्या दशकात हा नियम लक्षात आला आणि वाद बराचसा मिटला. रा. गो. भांडारकर यांनी १८७७ साली मुंबईत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्यानं दिली. तुलनेची ही पद्धत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

६. शब्दांवरून माणसांकडे जा, पण हळू

आता पुन्हा घरात या. दीर हा संस्कृत देवृ, देवर. ग्रीकमध्ये दाएर, लॅटिनमध्ये लेविर, लिथुएनियनमध्ये दिएवेरिस, रशियनमध्ये देवेर. सासू म्हणजे श्वश्रू, लॅटिन सोक्रुस, ग्रीक हेकुरा, रशियन स्वेक्रोव्ह. जाऊ म्हणजे यातृ, ग्रीक एइनातेर, लॅटिन यानित्रिकेस. 'जाऊ'सारख्या साध्या शब्दाला रोममध्ये नातेवाईक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. नणंदेला मात्र ग्रीक-लॅटिनमध्ये वेगळाच शब्द आहे, ती या रांगेत बसत नाही. तसं लिहून ठेवा. न जुळलेलंही वहीत हवंच.

या शब्दांकडे एकत्र पाहा. सासू, सासरा, दीर, जाऊ, सून. सगळी नवऱ्याकडची माणसं. जुन्या ग्रीकमध्ये 'हेकुरोस' हा नवऱ्याचा बाप, बायकोच्या बापाला निराळा शब्द. रशियन 'स्वेक्रोव्ह'ही नवऱ्याचीच आई. बायकोच्या माहेरच्यांसाठी सगळ्या बहिणींत समान असा शब्द तितक्या खात्रीनं सापडत नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ बेर्टोल्ड डेलब्रुक यांनी १८८९ साली या नात्यांच्या शब्दांचा सविस्तर अभ्यास केला आणि निष्कर्ष असा निघाला की ही मूळ भाषा बोलणाऱ्यांत लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या घरी जात असावी. ज्यांच्यात ती रोज वावरायची त्यांना नावं हवी होती. उत्खननात न सापडणारी गोष्ट शब्दांतून कळते ती अशी.

आणि 'मावशी'. स्वसृ, म्हणजे सिस्टरची बहीण, मराठीतून गेली आणि 'भगिनी'पासूनची बहीण आली असं मी समजत होते. मग मातृष्वसृ, प्राकृत माउस्सिआ, मराठी मावशी ही ओळ पाहिली. आईची स्वसृ. मावशीतल्या 'शी'मध्ये ती जुनी बहीण जिवंत आहे.

७. दुसरं मूळ विसरू नका

इथवर आलेले बरेच जण सगळं मराठी एकाच झाडाला टांगायला लागतात. आत्याला विचारा. ती तिथली नाही. वडिलांच्या बहिणीला संस्कृतात पितृष्वसृ, त्यातून बंगालीत 'पिशी' आली. मराठीनं तो शब्द घेतला नाही. आपल्याकडे 'आत्या', तमिळमध्ये 'अत्तै', कन्नडमध्ये 'अत्ते'. कन्नड 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. हालाच्या गाथासप्तशतीतल्या प्राकृतातही 'अत्ता' म्हणजे सासू.

बाळबोलीचे शब्द पुराव्याला चालत नाहीत असं मीच वर म्हटलं, मग अत्ता कशी चालते? कारण इथे पुरावा आवाजाचा नाही, अर्थाच्या जोडीचा आहे. आत्या आणि सासू एकाच शब्दात तिथेच येतात जिथे आत्याच्या मुलाशी लग्न होतं. दक्षिणेत ती रीत आहे आणि महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. अक्का आणि अण्णा यांचंही तसंच. नुसती बहीण, नुसता भाऊ असा अर्थ नाही, थोरली आणि थोरला, हा नेमकेपणा द्राविड भाषांशी जुळतो. 'आम्ही' आणि ऐकणाऱ्याला सामावणारं 'आपण' हा भेदही तमिळमध्ये आहे, इंग्रजीत नाही.

म्हणजे एका मराठी घरात सून-दीर-जाऊ एका कुळाच्या आणि आत्या-अक्का-अण्णा दुसऱ्या. द्राविड कोश शेजारी ठेवा, आणि संस्कृत मूळ बळेच लावायच्या आधी तो उघडा.

८. देवांकडे जाताना आधी पारशी नावं

देवकथांची तुलना सुरू करायला ग्रीसपेक्षा अवेस्ता, म्हणजे पारशी धर्मग्रंथांची भाषा, जवळची. ती ऋग्वेदाच्या भाषेची सख्खी बहीण आहे आणि मुंबईच्या पारशी अग्यारींत अजून रोज म्हटली जाते. दोन जोड्या पाठ करा. संस्कृत 'स' तिथे 'ह': सोम-हओम, असुर-अहुर, सप्त-हप्त. म्हणून आपला 'हप्ता' म्हणजे फारसी वाटेनं घरी आलेला 'सात'चा चुलतभाऊ. संस्कृत 'ह' तिथे 'झ': होतृ-झओतर, हिरण्य-झरन्य, अहम्-अझेम. जरीकाठातली 'जर' या झरन्यच्या घरातली.

आता नावं घ्या. जमशेद म्हणजे अवेस्तातला यिम क्षएत, यिम म्हणजे यम. ऋग्वेदात यम विवस्वताचा मुलगा, अवेस्तात यिम विवंह्वंताचा. बेहराम म्हणजे वेरेथ्रघ्न, ऋग्वेदात इंद्राचं बिरुद वृत्रहन्. मुंबईत चार आतश बेहराम, म्हणजे पारशांची सगळ्यात वरच्या दर्जाची अग्निमंदिरं, आहेत, त्यांच्या पाटीवर ते बिरुद वाचता येतं. मेहेर म्हणजे मिथ्र, आपला मित्र. आणि तरीही कथा बदलतात. अवेस्तात 'दएव' हे दुष्ट आणि 'अहुर' पूज्य, आपल्याकडे देव-असुर उलट.

ग्रीसकडे वळलात तर द्यौस् पिता, झ्यूस पातेर, ज्युपिटर ही जोडी पक्की आहे. उषस्, एओस, अरोरा हीही. पण नाव जुळलं म्हणजे गोष्ट जुळते असं नाही. झ्यूस देवांचा राजा आहे, ऋग्वेदात द्यौस् मागे उभा आहे.

९. हमखास फसायच्या जागा

लॅटिन 'देउस' आणि संस्कृत 'देव' सख्खे. ग्रीक 'थेओस' मात्र परका, जरी अर्थ तोच. संस्कृत 'द' ग्रीकमध्ये 'द'च राहतो, दश-देका. ग्रीक 'थ' हवा असेल तर संस्कृतात 'ध' लागतो, धूम-थुमोस. माझ्या वहीत देव-थेओस पहिल्या ओळीत होतं.

वरुण आणि ग्रीक उरानोस ही जुनी, लाडकी जोडी. ध्वनिनियमांत नीट बसत नाही म्हणून आज बहुतेक अभ्यासक ती धरत नाहीत.

'कॅलेंडर म्हणजे कालांतर', 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' हे खूप फिरतं. कॅलेंडर लॅटिन 'कालेंदाए'पासून आलं, म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, आणि त्याचं मूळ हाक मारून जाहीर करणं. असा दावा समोर आला की तिसऱ्या उदाहरणाची मागणी करा.

एकसारखे दिसणारे दोन मराठी शब्दही वेगळे असू शकतात. पावकिलोतला पाव 'पाद'पासून, वडापावातला पाव पोर्तुगीज 'पाओ'पासून.

भाषा म्हणजे रक्त नव्हे. कोण कुठून आलं हा वाद पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. त्यात उतरलेली माणसं शब्द बघायचं विसरतात, हे मी जवळून पाहिलंय.

१०. शेवटी अक्षरांपाशी जा

कोशांतून डोळे वर काढायची वेळ आली की दोन गोष्टी करा. एक, मितान्नी या आजच्या सीरियाच्या उत्तरेकडच्या प्राचीन राज्याबद्दल वाचा. आजच्या तुर्कस्तानात बोआझकोय इथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या तहाच्या मातीच्या पाट्यांवर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं साक्षी म्हणून आहेत. तिथल्याच किक्कुलीच्या घोडे शिकवायच्या ग्रंथात 'ऐक, तेर, पंझ, सत्त' असे आकडे येतात. आपला 'एक' तिथे अजून 'ऐक' आहे, स्वर आटायच्या आधीचा.

दुसरी, ब्राह्मी शिका. पंधरा दिवस पुरतात. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ठ' म्हणजे नुसता गोल, 'थ' म्हणजे गोलात टिंब, 'र' म्हणजे उभी रेघ. मग जुन्नरजवळ नाणेघाटात जा. पावसाळ्यातले सुट्टीचे दिवस टाळा, गर्दीत भिंतीपाशी उभंही राहता येत नाही. लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या काळातला, यज्ञ आणि दानांची मोजदाद करणारा मोठा प्राकृत लेख आहे. त्याच्या वाचनाची प्रत छापून सोबत न्या. टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे खोदलेल्या अक्षरांत सावली साठते आणि ती वर उठून दिसतात. खडू, पाणी, तेल काहीही लावू नका, बोटही नको. लेख नमनानं सुरू होतो. आधी 'ईदस' शोधा, म्हणजे इंद्राला. थोडं पुढे गेलात की लोकपालांत यम आणि वरुण लागतील.